बाहेरच्या नटांचा लाल रंग

माझी बदली कल्याण कॅम्पवर झाली तेव्हा फाळणीला दीड वर्ष होऊन गेलं होतं. उल्हासनगर हे नाव अजून पडायचं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेसाठी बांधलेल्या बराकींमध्ये आता सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. फौजेचं तिथं फारसं उरलं नव्हतं. एका कोपऱ्यात आमची छोटी डिटॅचमेंट होती. एक सुभेदार, एक स्टोअरकीपर, काही ड्रायव्हर आणि चार गाड्या. सिव्हिल अधिकाऱ्यांना लागेल ती मदत करायची, एवढंच काम. माझ्या वाट्याला पाण्याची गाडी आली.

ही गाडी म्हणजे मागे पाण्याची टाकी बसवलेला फौजी ट्रक. टाकीत दोनशे गॅलन पाणी मावे. पुढे दोघांना बसायला जागा. बदलापूरला नदीकाठच्या पंपावर टाकी भरायची, अंबरनाथवरून कॅम्पात यायचं, बराकींसमोर पाणी वाटायचं आणि परत जायचं. दिवसाला तीन खेपा. पहिली खेप पहाटे साडेपाचला निघे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. माणदेशातल्या दहिवडीला राहून मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही करत नव्हतं. पुढं शिकायची ऐपत नव्हती म्हणून भरती झालो. लढाई संपलेली होती, त्यामुळे मी शत्रू कधी पाहिला नाही. कॅम्पात आजूबाजूला हजारो माणसं होती, पण त्यांची बोली मला कळत नव्हती आणि माझी त्यांना. डिटॅचमेंटमधले बाकीचे ड्रायव्हर पंजाबकडचे होते. ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ते आपसांत बसत, मी माझ्या खाटेवर बसे. मराठी बोलायला मला एकच माणूस होता. नाईक धोंडीराम शेलार.

शेलार पोलादपूरकडचे. वय चाळिशीच्या आसपास. लढाईत त्यांनी आफ्रिकेच्या वाळवंटात अशाच पाण्याच्या गाड्या चालवल्या होत्या. गाडीचे ते कमांडर आणि मी ड्रायव्हर. फौजेच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना उस्ताद म्हणे. ते मला मास्तर म्हणत, कारण डिटॅचमेंटमध्ये इंग्रजी मॅन्युअल वाचू शकणारा मी एकटा होतो. त्यांना अक्षरओळख फक्त नावापुरती होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मास्तर, टाकी भरायला किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं, उस्ताद."

"या चाळीस मिनिटांत तू काय करतोस?"

"काही नाही. बसतो."

"बसू नको. पुस्तक घेऊन ये. टाकी भरेपर्यंत वाचायचं. हा माझा हुकूम."

मी पुस्तक आणलं. पंपाजवळ जांभळीखाली बसून वाचू लागलो. ते पाइपापाशी उभे राहत आणि टाकी भरली की ओरडत, "चल मास्तर, शाळा सुटली!" दिवसाला तीन खेपा म्हणजे दोन तास अभ्यास. पुढं नोकरीतून सुटल्यावर मी बाहेरून परीक्षा देत बी.ए. झालो. आमच्या कुळातला पहिला पदवीधर. त्या पदवीचा पाया नदीकाठच्या त्या चाळीस मिनिटांत घातला गेला, हे मला या लिखाणात नोंदवून ठेवायचं आहे.

उस्तादांची घरची कार्डं मी लिही. त्यात त्यांची एक पद्धत होती. खुशाली झाली की शेवटी ते दुसऱ्या दिवशी करायचं एखादं काम लिहायला लावत. 'उद्या ब्रेकचं तेल बदलायचं आहे.' 'उद्या टाकीचा डावा नळ काढून धुवायचा आहे.' मी एकदा म्हटलं, "उस्ताद, वहिनींना ब्रेकच्या तेलाचं काय?"

"लिही. घरी लिहून टाकलं की काम चुकवता येत नाही."

आणि खरंच, गावाकडून कुणाच्या तरी हातचं उत्तर येई त्यात पहिला प्रश्न तोच असे. ब्रेकचं तेल बदललं का? मग मी पुढच्या कार्डात पहिली ओळ लिही, काम झालं.

आता चाकाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

साध्या मोटारीचं चाक एकसंध असतं. आमच्या गाडीचं चाक दोन भागांचं होतं. दोन ताटं पाठीला पाठ लावून ठेवावीत तसे ते दोन भाग, आणि त्यांच्या काठांमध्ये टायर. ही दोन ताटं एकमेकांना धरून ठेवायला बाहेरच्या कडेनं नटांची मोठी रांग असते. मधल्या बाजूला सहा नट असतात, ते चाक गाडीला धरून ठेवतात. चाक बदलायचं तर फक्त मधले सहा काढायचे. बाहेरच्या रांगेला हात लावायचा नाही. टायरमध्ये हवा असताना ते नट सुटले तर आतली हवा दोन्ही ताटं तडकाफडकी फेकून देते. समोर माणूस असेल तर तो वाचत नाही. म्हणून फौजेत बाहेरच्या नटांना लाल रंग देत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल कळतो.

मॅन्युअलमधलं हे पान मी स्वतः उस्तादांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले होते, "हे मला माहीत आहे मास्तर. मी एकाला तसा गेलेला पाहिलाय."

एप्रिलच्या शेवटी उस्ताद लीव्हवर गेले. त्याच दिवसांत वरून इन्स्पेक्शन येणार अशी वर्दी आली. आमच्या सुभेदारसाहेबांनी सगळ्यांना रांगेत फॉलइन करून सांगितलं, गाड्या नव्यासारख्या दिसल्या पाहिजेत, सगळं एकरंगी, कुठं ठिपका दिसता कामा नये. फौजेत इन्स्पेक्शन आलं की हलतं त्याला सलाम आणि हलत नाही त्याला रंग, असं जवान चेष्टेनं म्हणतात. मी चार दिवस खपलो. गाडी घासली, गंज काढला, हिरवा रंग दिला. चाकांपाशी आलो तेव्हा लाल नट दिसले. रंग जुना, पोपडे आलेले. मी ब्रश हातात धरून थोडा वेळ थांबलो, हे मला स्पष्ट आठवतं. कुणी मला 'लाल झाक' असं सांगितलेलं नव्हतं. ठिपका दिसता कामा नये, एवढंच सांगितलेलं होतं. मी विचार केला, कोणते नट कोणते ते मला आणि उस्तादांना माहीत आहे, तिसरा कोण हात लावणार आहे? आणि मी सगळे नट हिरवे केले.

इन्स्पेक्शनमध्ये माझ्या गाडीची तारीफ झाली. लान्सनायकाच्या पट्टीसाठी, म्हणजे पहिल्या बढतीसाठी, माझं नाव पुढे जाईल असं सुभेदारसाहेब म्हणाले.

उस्ताद बुधवारी दुपारी लीव्हवरून परत आले. पेटी खाली ठेवून आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"वा मास्तर. आरसा केलास की."

मग मागच्या चाकापाशी ते वाकले.

"लाल कुठं गेलं?"

"इन्स्पेक्शन होतं, उस्ताद. एकरंगी पाहिजे म्हणाले."

"झालं ना इन्स्पेक्शन? मग लाव आता."

"स्टोअरमध्ये लाल नाही. सोमवारी येणार आहे."

"लाल नाही?" ते हसले. "मग घरून कुंकवाचा करंडा मागवू का?"

पण लगेच त्यांचं हसणं थांबलं. "सोमवार नाही. उद्या तिसऱ्या खेपेनंतर बाजारातून डबी आणू. तोवर चाकाला तिसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही."

"जी, उस्ताद."

त्याच संध्याकाळी त्यांनी पोचल्याचं कार्ड लिहायला लावलं. 'सुखरूप पोचलो. पोराच्या पायाचं गळू बरं झालं का ते कळवावं. गाडी ठीक आहे. मास्तरनं आरशासारखी केली आहे. उद्या चाकाच्या नटांना लाल रंग लावायचा आहे.' मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाताना टपालपेटीत टाकलं.

तो गुरुवार होता. कॅम्पात पाण्याची फार ओढ होती. आम्ही पाणी देत असू त्या बराकींतून एक गृहस्थ चार दिवसांपासून गाडीबरोबर येत होते. हासाराम त्यांचं नाव, वय पन्नाशीचं. रांग नीट लागावी म्हणून लोकांनीच त्यांना नेमलं होतं. सिंधमध्ये एका तालुक्याच्या गावी त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. ते सगळं सोडून आले होते. पुढे जागा नसल्यामुळे ते टाकीवर बसत. उस्तादांचं आणि त्यांचं त्या सकाळी पहिल्याच खेपेत मोडक्या हिंदीत जमून गेलं.

"हासारामजी, ऊपर हवा कैसी है?"

"साईं, हवा तो फर्स्ट क्लास है. सीट थर्ड क्लास."

पहिली खेप ठीक झाली. दुसऱ्या खेपेची टाकी भरून आम्ही पावणेअकराला बदलापूर सोडलं. रस्ता आगगाडीच्या रुळांना धरून जातो. तेव्हा तिथं दोन्हीकडे मोकळी शेतं होती, उन्हाळ्यात करपलेली. समोरून एक बैलगाडी आली. तिला वाट द्यायला मी डावीकडे कड घेतली. कडेला खडीचा ढीग होता. गाडीला एक हिसका बसला. बैलगाडी बदलापूरच्या दिशेने निघून गेली.

"थांब," उस्ताद म्हणाले. "मागचं डावं बघ."

मी उतरून पाहिलं. टायर बाजूनं वीतभर चिरलं होतं. चिरेतून ट्यूब लिंबाएवढी बाहेर आली होती. हवा गेली नव्हती.

"फुटेल का, उस्ताद?"

"आत्ता नाही. पण कॅम्पापर्यंत टिकणार नाही. चाक बदल. मी पुढच्या चाकांना दगड लावतो."

ते दगड शोधायला रस्त्यापलीकडे गेले. मी पाना काढला आणि जॅक काढायला सीटमागे वाकलो. जॅक दोरखंडात अडकला होता. तेवढ्यात हासाराम टाकीवरून उतरले.

"साईं, पाना मुझे दो. ये तो मेरा रोज का काम था."

त्या आवाजात आनंद होता. दीड वर्षानं त्यांच्या हाताला त्यांचं काम मिळत होतं. मी पाना दिला. "ये ढीले करो," म्हटलं, आणि चाकावरून हात गोल फिरवला. कोणते, ते सांगितलं नाही. तिसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हा हुकूम मला होता. तो मी मोडला, आणि मोडतो आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

चार-पाच मिनिटं मी दोरखंड सोडवत होतो. पान्याचा आवाज येत होता. नियमित, सराईत हाताचा. मग उस्तादांचा आवाज आला.

"ए! सोड ते! सोड!"

ते घाईत मराठीत ओरडले. हासारामना कळलं नाही. ते चाकासमोर गुडघ्यावर बसले होते, मान वर करून नुसते पाहत राहिले. उस्तादांनी हातातला दगड टाकला, धावत आले, हासारामना कॉलरला धरून बाजूला फेकलं. त्या क्षणी ते स्वतः चाकासमोर होते.

आवाज एकच झाला. मी लढाई पाहिलेली नाही, त्यामुळे कशासारखा ते सांगता येणार नाही.

चाकाचं बाहेरचं ताट उस्तादांच्या छातीवर बसलं होतं. ते खडीच्या ढिगावर उताणे पडले होते. रक्त फार नव्हतं. श्वास घेताना घशातून आवाज येत होता. मी जवळ गेलो तर त्यांनी डोळे उघडले.

"सिंधी?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत."

"किती वाजले?"

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मी त्यांच्याच मनगटावर पाहिलं. "अकरा दहा."

या आठवणीतल्या त्या दिवशीच्या वेळा त्याच घड्याळाच्या आहेत.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून गाडीच्या सावलीत ठेवलं. मी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. इतक्यात कर्जतच्या बाजूनं मालगाडी आली. मी रुळांकडे धावलो, दोन्ही हात हलवले, ओरडलो. डबे एकामागून एक गेले. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता. त्याला वाटलं फौजी जवान नमस्कार करतोय. त्यानेही हसून हात हलवला. गाडी अंबरनाथकडे निघून गेली आणि पुन्हा काही ऐकू येईना. त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ एकटा राहिलो आहे. पण त्या रुळांच्या कडेला जेवढा एकटा होतो तेवढा नाही.

परत आलो. गाडी मागे डावीकडे जमिनीला टेकली होती. जॅक खाली जाईना. हासाराम डोकं धरून बसले होते. "मैंने क्या किया, मैंने क्या किया," एवढंच म्हणत होते.

"बाद में!" मी ओरडलो. "पहले मिट्टी खोदो!"

ते उठले. हातांनी खोदू लागले. जॅक कसाबसा खाली घातला आणि दांडा फिरवला. गाडी हलेना. जॅकच जमिनीत रुतत होता.

"मास्तर." उस्तादांचा आवाज. "पाणी सोड."

दोनशे गॅलन पाणी. बराकींसमोर बायका सकाळपासून बादल्या लावून बसलेल्या. मी म्हणालो, "उस्ताद, लोक वाट बघतायत."

"सोड. गाडी हलकी कर." त्यांनी दोनदा श्वास घेतला. "उजवीकडचा नळ. डावा नको. जॅकखालची माती भिजेल."

माझ्या ते ध्यानात आलं नसतं. मी डाव्या नळापाशीच उभा होतो. उजवा सोडला. पाणी उताराने रस्त्यापलीकडे वाहू लागलं. वाहत असताना मी जॅक काढून त्याखाली चपटा दगड दिला. टाकी रिकामी होऊ लागली तशी गाडी वर आली.

तुटलेल्या चाकाचा आतला भाग अजून गाडीलाच होता. मधले सहा नट काढले. चौथा नट वाकडा झाला होता, निघेना. हासारामनी माझ्या हातातून पाना घेतला, पान्यावर उभे राहिले आणि अंगाच्या भाराने तो फिरवला. नंतर स्टेपनी आणली, चढवली. मी नट ओळीनं आवळू लागलो.

"समोरासमोरचे," उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. पान्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. "एक वरचा, एक खालचा."

"जी, उस्ताद."

आम्ही तिथून निघालो तेव्हा अकरा बावन्न झाले होते. बेचाळीस मिनिटं. एवढ्या वेळात ते जॅकबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, नटांबद्दल बोलले. लाल रंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट पाहत होतो.

उस्तादांना माझ्या शेजारी बसवलं. हासाराम बाहेर पायरीवर उभे राहिले. एका हाताने दाराची कड धरली आणि दुसऱ्या हाताने उस्तादांचा खांदा. माझ्या माहितीतलं जवळचं इस्पितळ कॅम्पातलंच होतं. रस्ता खराब होता. वेगाने न्यावं तर हादरे बसत, सावकाश न्यावं तर वेळ जाई. अंबरनाथ मागे पडल्यावर उस्ताद म्हणाले, "मास्तर, आज वाचलंस का?"

"हो, उस्ताद."

"किती पानं?"

"चार."

"कमी आहेत," ते म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

कॅम्पात शिरताना लोकांनी गाडी पाहिली आणि बादल्या घेऊन रस्त्यावर आले. नेहमीसारखे. कुणीतरी टाकीवर हात मारला. ती पोकळ वाजली. लोक चिडून ओरडू लागले. हासारामनी पायरीवरून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला शब्द कळले नाहीत. लोक दोन्ही बाजूंना सरले आणि वाट झाली. एवढ्या माणसांची गर्दी आणि बादलीची कडीसुद्धा वाजली नाही.

बारा पंचवीसला इस्पितळात पोचलो. नाईक धोंडीराम शेलार दुपारी एक चाळीसला गेले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. माझ्या हाताला ग्रीस होतं. हासाराम माझ्या बाजूला होते. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथंच होतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी पुढच्या आठवड्यात बसली. आदल्या दिवशी सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं.

"साफ मामला आहे," ते हिंदीत म्हणाले. "सिव्हिलियनने नट खोलले. न विचारता खोलले. एवढं सांग. बाकी सांगायची गरज नाही. तुझी पट्टी मंजूर होऊन आली आहे."

ते माझ्या वाईटावर नव्हते. आपल्या जवानाला वाचवणं हे त्यांना कर्तव्य वाटत होतं. मी "जी साब" म्हणून बाहेर आलो. बाहेर हासाराम उभे होते. त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. धुतलेला सदरा घालून ते आदल्या दिवशीच विचारायला आले होते की उद्या कुठं यायचं. त्यांनी मला विचारलं, "साईं, जेल होगी क्या?" मी त्यांना कोर्ट बसणार ती खोली दाखवली.

दुसऱ्या दिवशी एका कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "नट कोणी सोडले?"

"सिव्हिलियन हासाराम यांनी, सर."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"मी, सर. पाना मी दिला. कोणते नट, ते मी सांगितलं नाही."

"बाहेरचे नट लाल असतात. त्यांना दिसलं नाही?"

"लाल नव्हते, सर. मी हिरवे केले होते. मॅन्युअल मी वाचलेलं होतं."

सुभेदारसाहेब खिडकीकडे पाहत राहिले. कॅप्टनसाहेबांनी लिहिणं थांबवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले. हासारामना घरी जाऊ दिलं. मला चौदा दिवसांची शिक्षा झाली आणि पट्टी गेली. शिक्षा कमी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्या चौदा दिवसांतला पहिला दिवस सुरू व्हायच्या आधी मी स्टोअरमधून लाल रंग मागून घेतला. चारही चाकं आणि स्टेपनी. बाहेरच्या रांगेतल्या प्रत्येक नटाला रंगाचे दोन हात दिले.

पाण्याच्या गाडीवर दुसरा कमांडर आला. त्याला मराठी येत नव्हतं. पंपावर टाकी भरेपर्यंत मी वाचत राहिलो. शाळा सुटली म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. पाणी टाकीवरून वाहू लागलं की मला कळे.

दिवाळीनंतर मला लीव्ह मिळाली. उस्तादांची पेटी आणि घड्याळ युनिटने आधीच पाठवलं होतं. मी दहिवडीला न जाता पोलादपूरकडे गेलो. गाव डोंगराच्या कुशीत होतं, गाडीरस्त्यापासून दोन तास चालून. वहिनी दारात भात पाखडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही मास्तर काय? बसा, भावजी. लांबून आलात."

त्यांनी पाणी दिलं. मुलगा दाराआडून पाहत होता. त्याच्या पायाचं गळू बरं झालेलं दिसत होतं. फळीवर करंडा होता. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

थोड्या वेळानं वहिनींनी आतून एक कार्ड आणलं. माझंच अक्षर.

"तार आली त्याच्या तिसऱ्या दिवशी हे आलं. पोस्टमननं वाचून दाखवलंन. पण तुम्ही वाचा. तुम्ही लिहिलंत, तर तुम्ही त्यांच्यासारखं वाचाल."

मी वाचलं. सुखरूप पोचलो. पोराच्या पायाचं गळू. गाडी ठीक आहे. मास्तरनं आरशासारखी केली आहे. मी शेवटची ओळ वाचली. उद्या चाकाच्या नटांना लाल रंग लावायचा आहे.

मग मी सांगायला लागलो. रंग कशासाठी असतो, तो मी कसा झाकला, पाना कुणाला दिला, ते कसे धावत आले. ज्या क्रमाने कोर्टात सांगितलं त्याच क्रमाने सांगितलं. दुसरा क्रम मला सुचला नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी कार्ड माझ्या हातातून परत घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि ते काम? झालं का?"

"हो वहिनी. झालं. दहा दिवसांनी."

"मग कळवायचं नाही का, भावजी?" त्या म्हणाल्या. "मी कार्डाची वाट बघत होते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या पोस्टात एक कार्ड घेतलं, त्यावर 'काम झालं' एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं. पुढं वहिनी होत्या तोवर दर वर्षी त्या आठवड्यात मी एक कार्ड पाठवत राहिलो. शेवटी दुसऱ्या दिवशी करायचं एखादं काम लिहीत असे. परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. इंग्रजीचा पेपर आहे. निकाल बघायला जायचं आहे. मुलाच्या हातचं उत्तर येई, आणि पहिल्या ओळीत तोच प्रश्न असे.

हासारामनी पुढे शहाडकडे टायरदुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. मी एकदा गेलो होतो. त्यांनी बाकडं पुसून दिलं, चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ते एका टायरला लागले आणि मी ते काम बघत बसलो.

लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. शेलारांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. ते शांततेच्या काळात, एका रस्त्याच्या कडेला, चाक बदलताना गेले. त्यांना मारणारा कुणी शत्रू नव्हता. नाईक धोंडीराम शेलार, गाडी कमांडर, पाण्याची गाडी, कल्याण कॅम्प. गावाकडचे लोक त्यांना धोंडू म्हणत. वाळवंटात त्यांनी एका माणसाला तसा गेलेला पाहिला होता, म्हणून काय होणार आहे हे त्यांना धावताना माहीत होतं.